पूरग्रस्तांसाठी पहिल्यांदाच फर्निचर गोळा करायला निघालास ना, मग हे ऐक

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर आम्ही पहिला टेम्पो नेला तो सोफ्यांनी भरून. ती चूक तू करू नकोस. भिंती ओल्या, जमिनीला चिखल, त्यात फोमचे सोफे. आठ दिवसांत बुरशी धरली.

आधी घर वाळू दे. मग घरातल्या बाईला विचार, काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर येतं, लोखंडी खाट आणि कुलूप लागणारं कपाट. खाट आली की म्हातारं माणूस ओल्या जमिनीवरून वर येतं. कपाटात रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले राहतात. एका आजींनी फक्त पाट मागितला होता, देवासमोर मांडायला. असं मागणं कधी लहान समजू नकोस.

पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, काही घेऊ नकोस, पाणी लागलं की फुगतं. सागाचं, फणसाचं जुनं लाकूड सावलीत वाळवलं तर पुन्हा कामाला येतं. सांध्यांत ढेकूण, पायांना वाळवी नाही ना, ते बघूनच उचल. गंजलेल्या लोखंडाला पॉलिश पेपर मार, रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) लाव, मगच दे. दाराचं माप आणि वाट आधी बघ. आपल्याकडे कित्येक घरांना पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं, टेम्पो दारात जात नाही.

सामान लावताना फोटो काढू नकोस. खाट कुठल्या भिंतीला लावायची ते त्यांना ठरवू दे. चारदा हलवायला सांगितलं तरी हलव.