चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला टीव्ही बंद करणाऱ्याचं पत्र

काय रे,

रविवारी टर्फवर आला नाहीस. जिन्यात तुझी आई भेटली, म्हणाली लाल जर्सी फरशी पुसायला काढून दिलीये त्याने, आणि नवीकोरी आहे हो ती. मी म्हटलं ठेवून द्या कपाटात, ऑगस्टमध्ये शोधत येईल. मग रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला आणि तो मी तीनदा वाचला, कारण एवढं लांब तू कधी लिहीत नाहीस, तुझं सगळं मीम्समध्येच चालतं.

म्हणतोस, काका, मँचेस्टर युनायटेडने इंग्लंडची लीग शेवटची जिंकली २०१३ ला, तेव्हा मी आठ वर्षांचा, मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, तुम्ही मोठी माणसं ग्रुपवर फर्गीच्या, म्हणजे जुन्या मॅनेजर फर्ग्युसनच्या, पेन्शनवर जगता आणि आमच्या वाट्याला आला १५वा नंबर. आणि वर लिव्हरपूलने २०२५ ला २०वी लीग मारून आपल्याशी बरोबरी केली, तेही तोंड वर करून ऐकून घ्यायचं. आणि ज्याच्याबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसलास त्याच्याशी तू बोलणं बंद केलंयस, तो म्हणतो क्लब संपला, तू म्हणत होतास परत येणार, आणि आता तुलाच कळेना की बरोबर कोण.

पेन्शनचं वाक्य झकास आहे. लागलं मला.

धीर वगैरे द्यायचा प्रकार मला जमत नाही आणि तुला तो नकोही असणार. एकच विचारतो, खरं सांग. युरोपा लीगची ती ल्यॉनची मॅच पूर्ण बघितलीस का?

नाही बघितलीस. ग्रुपवर तुझा मेसेज आहे ना अजून. १७ एप्रिलची रात्र, आपल्याकडे १८ ची पहाट म्हण. दोन-शून्यने पुढे होतो, ते दोन-दोन करून बसलो, त्यांच्या टोलिसोला रेड कार्ड मिळालं तरी एक्स्ट्रा टाइममध्ये दहा जणांच्या ल्यॉनने आपल्याला दोन गोल मारले. चार-दोन. पावणेतीनच्या सुमारास तू टाकलंस, 'क्लब मेला, मी झोपतो, आयुष्यात परत बघणार नाही'. खाली तुझ्या मित्राचा हात जोडलेला इमोजी. आणि मग ११४ व्या मिनिटाला ब्रूनोची पेनल्टी, १२० व्याला मेनू, एकोणीस वर्षांचं पोरगं, बॉक्समध्ये एवढी गर्दी असताना शांतपणे कोपरा शोधून बॉल ठेवतं, आणि पुढच्याच मिनिटाला मॅग्वायर, ज्याला तुम्ही लोकांनी चार वर्षं मीम करून ठेवलंय तो मॅग्वायर, डिफेंडर असून सेंटर फॉरवर्डसारखा पुढे जाऊन हेडर. पाच-चार. तू सकाळी उठून हायलाइट बघितलेस आणि स्टेटस ठेवलंस, 'काय रात्र होती'. रात्र तू झोपलेला होतास रे!

मॅच पूर्ण बघ, मग बोल. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे जे लिहितोय ते त्याचंच शेपूट.

आता तू म्हणशील काकाला बोलायला काय जातंय. तर ऐक, आणि हे ग्रुपवर टाकलंस तर टर्फवर तुला कायमचा गोलकीपर करीन.

मी तुला ९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलची गोष्ट किती वेळा सांगितलीये? दहा? वीस? बायर्न म्युनिक एक-शून्यने पुढे, नव्वद मिनिटं झाली, बेकहॅमचा कॉर्नर, आपला गोलकीपर श्मायकेल स्वतःचा गोल सोडून पुढे आलेला, शेरिंगहॅमचा गोल, आणि लगेच दुसरा कॉर्नर आणि ओले सोल्शारचा गोल. मी ते बघितलेलंच नाही.

२६ मे १९९९. त्या दिवशी दुपारी टाँटनला भारत-श्रीलंका होती, वर्ल्ड कपची, गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची ३१८ ची पार्टनरशिप. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत शेजारपाजारचे धरून चौदा माणसं बसलेली, आई दर तासाला चहा टाकतेय आणि दर तासाला म्हणतेय हा शेवटचा. ते सगळं संपून माणसं पांगायला रात्रीचे अकरा-साडेअकरा. आणि फुटबॉलची फायनल आपल्या टायमाने सव्वाबाराला. बाबांना सकाळी सहाच्या आतली लोकल. मी आवाज बंद करून, टीव्हीपासून दीड फुटावर जमिनीवर बसून बघत होतो, एकोणीस वर्षांचा घोडा. सहाव्या मिनिटाला बायर्नच्या बॅसलरची फ्रीकिक आत गेली आणि मग जवळजवळ दीड तास काहीच नाही, कीन आणि स्कोल्स दोघेही सस्पेंड, मिडफिल्डला कोणी वाली नाही. ७९ व्या मिनिटाला त्यांच्या शॉलचा चिप पोस्टला लागला. ८४ व्याला यांकरने गोलकडे पाठ करून ओव्हरहेड किक मारली, ती बारला. तेवढ्यात बाबा अंधारातून उठून बसले आणि म्हणाले, "बंद कर आता ते, डोळ्यावर उजेड येतोय."

मी बंद केला. पण बाबांमुळे नाही, हे मला २६ वर्षं माहितीये. मी पाच मिनिटं मागितली असती तर त्यांनी दिली असती, कूस बदलून झोपले असते. मला वाटलं होतं की आता दुसरा बसणार, तो कशाला बघायचा. दोन वाजायला चार-पाच मिनिटं होती. पंख्याचा आवाज ऐकत पडलो आणि मला झोपही लागली.

सकाळच्या पेपरात गांगुली आणि कारगिलला विमानांनी केलेला हल्ला, बाकी कशाला जागाच नव्हती. दहा वाजता कट्ट्यावर गेलो तर एकजण लांबूनच ओरडत आला, बघितलंस का, बघितलंस का, आणि माझ्या तोंडातून निघालं, "अरे म्हणजे काय!" बस. तेव्हापासून तेच चाललंय. गोल शंभरदा बघून सगळं पाठ केलं, मग लग्नानंतर बायकोला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, तुला सांगितलं. आता तर मला स्वतःलाच ती खोली आठवते ज्यात मी उडी मारली. मारलीच नाही उडी. झोपलो होतो.

म्हणून म्हणतो.

आता तुमच्या भांडणाकडे येतो. तू आणि तुझा मित्र, तुम्ही दोघंही अर्धवट बघून भांडताय, आणि खरं सांगायचं तर ग्रुपवरची आमची म्हातारी गँगसुद्धा. आमच्यातले अर्धे असं बोलतात की फर्गीच्या काळात दर शनिवारी तीन गोल आणि मे महिन्यात ट्रॉफी. कोणी बघितलंय ते? फर्गी आला नोव्हेंबर १९८६ ला. पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप, पहिली लीग १९९३. मधल्या काळात स्वतःच्याच स्टेडियममध्ये त्याला घरी जा म्हणणारा बॅनर लागला होता. आणि ती ९३ ची लीग २६ वर्षांनी आलेली. २६! त्या २६ वर्षांत १९६८ चा युरोपियन कप आहे आणि १९७४ ला चक्क दुसऱ्या डिव्हिजनला घसरणंही आहे. तेव्हाचे फॅन कशावर जगले असतील सांग बरं. आणि लिव्हरपूलवाले, ज्यांचं तुला आत्ता एवढं झोंबतंय, ते १९९० ते २०२० तीस वर्षं हेच ऐकत होते, आणि ऐकवणारे आम्ही होतो. मी स्वतः ऐकवलंय, अगदी मनापासून.

बरं, जिंकायला लागल्यावर तरी? २००५ ला चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये आपण शेवटचे, बेन्फिका, व्हियारेआल, लील यांच्या खाली. २०११ ला आपल्याच घरी मँचेस्टर सिटीकडून सहा-एक. पुढच्या मे महिन्यात सारखे पॉइंट्स होऊन गोल डिफरन्सवर लीग सिटीकडे गेली, त्यांच्या अग्वेरोचा गोल, तोही नव्वदीनंतर. आणि फर्गीची अगदी शेवटची मॅच, वेस्ट ब्रॉमला, पाच-दोनने पुढे असताना पाच-पाच झाली. रिटायर होणाऱ्या माणसाला असा निरोप. ज्यांनी हे सगळं बसून बघितलं ते 'सुवर्णकाळ' हा शब्द जरा दबकत वापरतात, जे ट्रॉफीचे फोटो बघतात ते मोठ्याने.

आणि तुमची बाजू. १५वा नंबर, ४२ पॉइंट्स, लीगमधून घसरलो त्या १९७३-७४ नंतरचा सगळ्यात वाईट सीझन. मान्य. मी ३८ पैकी ३३ मॅचेस पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्यात, बायको साक्षीदार आहे, तिला विचार. क्लब संपलाय का? मला नाही तसं दिसलं. मला दिसलं की तेव्हाच्या मॅनेजर आमोरिमने तीन सेंटरबॅक आणि दोन विंगबॅक असा साचा आणला आणि त्या साच्यात बसतील अशी माणसं संघातच नव्हती, साठाव्या मिनिटानंतर पाय जड होतात आणि मधला पट्टा मैदानासारखा मोकळा पडतो. (मैदानच आहे म्हणा ते.) बिलबाओला झालेल्या युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनमच्या जॉन्सनचा तो कसातरी आत गेलेला गोल तुम्हाला सगळ्यांना माहितीये, पण ६८ व्या मिनिटाला आपल्या हॉयलंडचा हेडर रिकाम्या गोलात जात होता आणि त्यांच्या व्हॅन डे व्हेनने हवेत आडवं होऊन रेषेवरून काढला, त्यानंतर आपली पोरं कशी खेळली, शेवटची वीस मिनिटं किती क्रॉस नुसते डोळे मिटून टाकले, ते किती जणांनी बघितलं? टॉटनम लीगमध्ये १७ वे होते रे. १७ वे. त्यांच्या हातात कप आणि आपण क्रॉस टाकतोय. क्लबच्या कर्जाचं, मालक ग्लेझर लोकांनी २००५ ला क्लब विकत घेताना ते क्लबच्याच डोक्यावर कसं टाकलं त्याचं, मी तासभर बोलू शकतो, पण आज नाही, माझं ब्लडप्रेशर आहे.

आणि पुढचं काय म्हणून विचारतोस, तर आतली गोष्ट सांगतो. ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडच्या प्रत्येक मॅचच्या टीममध्ये स्वतःच्या अकादमीतला किमान एक पोरगा असतोच. युद्ध झालं, १९५८ ला म्युनिकला विमान पडून आठ खेळाडू गेले, सेकंड डिव्हिजन झाली, तरी ती साखळी तुटलेली नाही. ल्यॉनला १२० व्या मिनिटाला ज्याने गोल मारला तो त्या साखळीतला. हे बोर्डावर दिसत नाही, टेबलात दिसत नाही, बसून बघावं लागतं. यामुळे लीग जिंकू का? ते मी कशाला सांगू, मी काय कुडमुड्या जोशी आहे?

आता तू मला पकडणार, माहितीये. तुला आठवत असेल की २०२१ च्या ऑक्टोबरात मी लिव्हरपूलची मॅच अर्ध्यात सोडून तुमच्याकडे रिमोट परत द्यायला आलो होतो. हो, आलो होतो. त्याच संध्याकाळी टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात भारत पाकिस्तानकडून दहा विकेटने हरत होता, मी इकडून तिकडे चॅनेल बदलतोय, इकडे विकेट पडत नाहीत आणि तिकडे गोल थांबत नाहीत. हाफटाइमला चार-शून्य. केला बंद. तो अपवाद होता. माणसाच्या सहनशक्तीला काही हद्द असते का नाही, आणि दुसऱ्या हाफमध्ये फक्त एकच गोल झाला, म्हणजे मी तसं फार काही चुकवलं नाही...

बघ, कसा बोलायला लागलो. तुझ्या 'चार-दोनला काय उरलं होतं काका' मध्ये आणि यात काय फरक आहे, मलाच दिसत नाहीये.

ओले तेव्हा आपला मॅनेजर होता, त्याला महिन्याभराने काढलं. त्याच्यासाठी मी ग्रुपवर किती भांडलोय तुला माहिती आहे, तिसरा नंबर, मग दुसरा नंबर, बाहेरच्या मैदानावर लीगच्या सलग २९ मॅचेस हरला नाही, सगळे आकडे तोंडपाठ. दोघांनी तर मला ब्लॉक केलं होतं. आता हे लिहिताना वाटतंय की त्यातलं निम्मं भांडण फुटबॉलचं नव्हतंच. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी मी पाठ फिरवून झोपलो होतो, त्याची भरपाई चालली होती बहुतेक. तरी पण तो मॅनेजर म्हणून वाईट नव्हता हे माझं मत कायम आहे आणि यावर मला वाद नकोय.

मित्राला फोन कर. बरोबर कोण ते ठरवायला नको. त्याला एवढंच विचार की त्या रात्री हात जोडल्यावर तो जागा होता की झोपला. माझी पैज, तोही झोपला होता.

आणि शनिवारी रात्री दोघं जण माझ्याकडे या. मी ती ९९ ची मॅच अख्खी मिळवलीये, दोन्ही हाफ, मधल्या बडबडीसकट. गोल शंभरदा बघितलेत, पण ८४ ते ९० ही सहा मिनिटं मी अजून एकदाही बघितलेली नाहीत. काकूला सांगून ठेवलंय, ती साबुदाणा वडे करणार आहे, तिला खरी गोष्ट माहिती नाही तेव्हा तोंड सांभाळून. सव्वाबाराला लावायची, आधी नाही. बॅसलरच्या गोलनंतर कोणी मोबाइल काढला तर जिना उतरून घरी जायचं.

जर्सी घालून ये. धुऊन.

तुझा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका