वाचकांचे प्रश्न : आधी गाडी, मग पूल

प्रश्न : आम्ही नवरा-बायको एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार दिवसांची रजा आहे. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमधले छपराचे लाकडी पूल आणि डोंगरातल्या रेल्वे बघायच्या आहेत. पंचवीस पुलांची यादी तयार आहे. जमेल का?

जमेल, पण पूल गाडीच्या काचेतूनच दिसतील. यादी आठ-नऊवर आणा. पूल पहाटे बघा, संध्याकाळी बघा, ते जागेवरच असतात. रेल्वेची तिकिटं मात्र पानगळीच्या दिवसांत लवकर संपतात. म्हणून आधी तिकिटं काढा आणि त्यांच्या वेळांमध्ये पूल बसवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते. तो शनिवार-रविवार शक्यतो टाळा, रस्तेही तुंबतात आणि हॉटेलंही भरतात.

पहिल्या दिवशी आय-९१ या हमरस्त्याने थेट व्हरमाँटमधलं विंडसर गाठा. घरून साधारण पाच तास लागतात. इथला कॉर्निश-विंडसर पूल १८६६चा, सुमारे ४४९ फूट लांब, दोन गाळ्यांचा. त्याआधीचे तीन पूल कनेक्टिकट नदीने नेले. गंमत म्हणजे दोन राज्यांची हद्द व्हरमाँटच्या काठालगत आहे, त्यामुळे पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचाच. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशी जुनी पाटी तिथे आहे. तिथून अर्ध्या तासावर १८३६चा लाल टॅफ्ट्सव्हिल पूल लागतो. २०११च्या आयरीन वादळात त्याला मार बसला होता, २०१३मध्ये तो पुन्हा सुरू झाला. वाटेतल्या क्विची दरीवरचा पोलादी पूल छपराचा नसला तरी उतरून बघा. १९११मध्ये तो रेल्वेसाठी बांधला होता, आता त्यावरून हमरस्ता जातो. मुक्काम वुडस्टॉकला.

दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरमधलं लिंकन. तिथल्या क्लार्क्स बेअर्स या जागेत वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी छपराच्या पुलातून जाते. पूल आणि रेल्वे दोन्हींची आवड असलेल्यांनी हे चुकवू नये. हा पूल मूळचा व्हरमाँटमधला, १९६०च्या दशकात उचलून इथे आणून बसवला. नंतर कँकमॅगस रस्त्याने कॉनवेला उतरा. साडेचौतीस मैलांत एकही पेट्रोल पंप नाही आणि फोनला रेंजही जेमतेम. टाकी लिंकनलाच भरा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. कॉनवेच्या अलीकडे सहा मैलांवर स्विफ्ट नदीवर १८५८चा ऑल्बनी पूल आहे.

तिसरा दिवस नॉर्थ कॉनवेहून क्रॉफर्ड खिंडीत जाणाऱ्या माउंटेनियर गाडीचा. ही लोहमार्गाची वाट खिंडीच्या पश्चिम उतारावरून चढते, म्हणून जाताना दरी उजवीकडे. आता नेमकी चूक कुठे होते ते बघा. परतीला इंजिन दुसऱ्या टोकाला जोडतात, डबे वळत नाहीत. म्हणजे डोंगराच्या बाजूला बसलेल्याला येतानाही डोंगरच. वर पोचल्यावर बाजू बदलायला सांगितलं तर कुरकुरू नका, समोरच्यांनीही तिकिटाचे पैसे दिलेले असतात. फ्रँकेन्स्टाइन पुलावर गाडी सुमारे ऐंशी फूट उंचावरून जाते. तेव्हा फोटोसाठी उघडी खिडकी किंवा डब्याचं दार मोकळं असेल तर तिथे आधीच उभे राहा.

चौथ्या दिवशी सकाळची पहिली माउंट वॉशिंग्टनची दात्यांची रेल्वे (रुळांमधल्या दात्यांत चक्र अडकवत चढणारी) घ्या, मग रात्री उशिरा घर. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर रंगीत पानांसाठी माउंटेनियर घ्या. माथ्यावर झाडंच नसतात.

प्रश्न : पुलांना छप्पर कशासाठी? बर्फ पडू नये म्हणून का? आत काय बघावं? (ठाणे)

उलट, हिवाळ्यात घसरगाड्या जाव्यात म्हणून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरावा लागे! छप्पर आहे ते दोन्ही बाजूंच्या कैचीसाठी, म्हणजे लाकडं जोडून केलेल्या सांगाड्यासाठी. पुलाचा सगळा भार तीच पेलते. उघड्यावर सांध्यांत पाणी मुरून लाकूड दहा-वीस वर्षांत कुजतं. कोरडं राहिलं तर शंभर वर्षं सहज टिकतं. फळी बदलणं स्वस्त, कैची बदलणं म्हणजे नवा पूल.

आत शिरल्यावर भिंतीकडे बघा. तिरप्या फळ्यांची जाळी, प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या, हे इथिएल टाउन या वास्तुविशारदाचं १८२०चं पेटंट. साध्या फळ्या आणि साधे सुतार यांत काम भागे, म्हणून ती पद्धत फोफावली. लाकडाच्या जोडीला उभ्या लोखंडी सळया दिसल्या तर ती विल्यम हाऊ याची पद्धत, १८४०ची. सळयांच्या टोकाच्या चाक्या आवळून सैल झालेली कैची पुन्हा ताणता येते. रेल्वेला ती आवडली यात नवल नाही.

प्रश्न : चौघे मित्र बॉस्टनहून कॅम्पर भाड्याने नेणार आहोत. पुलांतून जाईल का?

बरेचदा नाही. कॅम्परची उंची फूट-इंचात कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, टपावरचा एसी आणि पेटी धरून. पुलाच्या तोंडावर उंची आणि वजन, दोन्हींची पाटी असते. कमी उंचीच्या पुलांना भाड्याचे ट्रक वारंवार धडकतात, कारण चालक जीपीएसवर विसंबतो आणि साध्या जीपीएसला गाडीची उंची माहीत नसते. पुष्कळ भाडेकरारांत वरच्या धडकेचं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं, तेवढं कलम सहीआधी वाचा. पूल एकेरी असतो. दिवे लावा, आत आलेल्याला आधी बाहेर पडू द्या.

प्रश्न : माथेरान आणि उटीची गाडी केली आहे. माउंट वॉशिंग्टनला वेगळं काय? (पुणे)

चढ. माथेरानला शंभर फुटांत पाच फूट, दात्यांशिवाय. उटीला सव्वाआठ फूट. इथे जेकब्ज लॅडर या सर्वांत उभ्या टप्प्यावर सदतीस! १८६९मध्ये सुरू झालेली ही जगातली पहिली दात्यांची डोंगर-रेल्वे. रुळांच्या मधोमध लोखंडी शिडी असते, इंजिनाखालचं दंतचक्र तिच्या पायऱ्यांत अडकत वर सरकतं. इंजिन खालच्या बाजूने डब्याला ढकलतं आणि डब्याला स्वतःचे ब्रेक असतात. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर सपाट जागी पुढे झुकलेला दिसतो. चढावर त्यातलं पाणी समपातळीत राहावं, अग्निपेटीवरचा भाग उघडा पडू नये, म्हणून. आता बहुतेक फेऱ्या डिझेलच्या असतात. वाफेचीच हवी असेल तर तिकीट काढताना फेरी नीट बघा.

माथा १,९१७ मीटर, कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटरच उंच. पण १९३४मध्ये इथे ताशी २३१ मैल वारा मोजला गेला. पायथ्याला स्वेटरही नकोसा वाटत असेल तरी वाराबंद जाकीट आणि कानटोपी न्या. वर साधारण तासभर मिळतो आणि परतायचं ते त्याच गाडीने. फोटोंच्या नादात ती चुकली तर पुढच्या गाडीत जागा असेलच असं नाही.