शिडाच्या होडीवर नवरा-बायको दोघंच दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला गेले, तर दिवस कसा जातो? दोन माणसं पुरतात का?

पुरतात. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं तर जेमतेम २४ फुटांच्या 'सेराफिन'मधून, होडीला इंजिनच न बसवता, जगभर फिरलं. तुम्ही विचारताय एका दिवसाचं आणि तेही किनारा नजरेत ठेवून. माझी अट मात्र एकच आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाला ती होडी एकट्याने चालवता आली पाहिजे. एक जण कप्तान आणि दुसरा नुसता सोबतीला, असं असेल तर त्या होडीवर खलाशी एकच आहे. तोच पाण्यात पडला तर होडी चालवायला कोणी उरत नाही.

दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू होते. भरती-ओहोटीचं कोष्टक आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन मी आणि माझा नवरा, दोघंही बसतो. बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. पाणी एकाच गतीने चढत-उतरत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्याच गोष्टींना जोर असतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी. हे बघायचं कारण असं, की ५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालणाऱ्या होडीला २ नॉटचा प्रवाह समोरून आला की किनारा ३ नॉटनेच मागे पडतो. त्यातून वारा आणि प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचा हट्ट मी धरत नाही, पाणी फिरायची वाट बघते.

पल्ला ठरवताना नवी माणसं हमखास जास्त धरतात. ३० फुटी होडी तासाला सरासरी ५ सागरी मैल जाते (सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर), म्हणजे सहा तासांत ३० मैल, हा झाला कागदावरचा हिशोब. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखून, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, नागमोडी पुढे सरकावं लागतं, आणि ३० मैलांचे ४० च्या वर होतात. पहिल्यांदा जाणार असाल तर येऊन-जाऊन १५ मैलच धरा. शक्य असेल तर जाताना वाऱ्यावर चढत जा, म्हणजे परतताना, अंग थकलेलं असताना, वारा पाठीशी राहील.

सकाळी वारा बहुधा पडलेला असतो, तेव्हा इंजिनवर बाहेर पडायचं. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते आणि दुपारपर्यंत खारा वारा चांगला भरतो. दिवसातला सगळ्यात सुंदर क्षण माझ्या मते हाच. इंजिन बंद केलं की घरघर थांबते, होडी एका कुशीवर कलते आणि सुकाणूच्या दांड्यात पाण्याचा ताण हाताला जाणवू लागतो. पुढच्या शिडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर लागलंय. वाऱ्याकडचा फडफडला तर दोर थोडा ओढायचा किंवा होडी वाऱ्यापासून जराशी दूर वळवायची. पलीकडचा गळून पडला तर दोर सैल सोडायचा. त्या धाग्यांवर नजर ठेवून तासन् तास कसे जातात कळत नाही.

दुपारी वारा वाढतो तेव्हा खरी परीक्षा असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा १४ नॉट झाला तरी शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून 'रीफ घ्यायचं का?' हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही मनात आला की आम्ही रीफ घेतो, शीड लहान करतो. त्यावर चर्चा नाही. वारा पाठीशी असताना तर जास्तच सावध राहावं लागतं. १५ नॉटच्या वाऱ्यात तुम्ही त्याच दिशेने ५ नॉटने निघालात तर अंगाला १० नॉटच लागतो, सगळं कसं निवांत वाटतं. तीच होडी वाऱ्याकडे वळवा, १८-१९ नॉट तोंडावर येतो.

जेवायला नांगर टाकायचा असेल तर साखळी सढळ हाताने सोडा. भरतीला पाणी जितकं खोल होईल त्यात होडीवरून नांगराची साखळी जिथून सुटते तिथली पाण्यापासूनची उंची मिळवा आणि त्याच्या निदान पाचपट साखळी टाका.

वाटेत दुसरी शिडाची होडी आली तर नियम सोपा आहे. ज्याला वारा डाव्या बाजूने लागतोय त्याने वाट द्यायची. दोघांना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्याने. जाळी टाकून मासेमारी करणाऱ्यांना आपणच वाट द्यायची. आणि इंजिन लावून पुढे जात असाल तर शिडं वर असली तरी नियमांच्या दृष्टीने तुम्ही यांत्रिक होडीच.

आता परत त्या अटीकडे येते. बहुतेक जोडप्यांमध्ये नवरा सुकाणूवर आणि बायको दोरांवर, अशी वाटणी आपोआप पडते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. आमच्याकडे दर तासाला जागा बदलतात, धक्क्याला लावायची पाळीसुद्धा आलटून पालटून. नवरा पाण्यात पडला तर मला एकटीला काय काय करायचंय बघा. ओरडून तरंगती कडी फेकायची, जीपीएसवरचं माणूस-पाण्यात बटण दाबायचं, पुढचं शीड न सोडता होडीचं तोंड लगेच वाऱ्यातून फिरवायचं म्हणजे ती त्याच्याजवळच थबकते, व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागायची, आणि हे सगळं त्याच्यावरची नजर न काढता. दोघांत बोट दाखवून उभं राहायला तिसरं कोणी नसतं. म्हणून शांत वाऱ्याच्या दिवशी एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून होडीच्या कडेला टांगतात तो फुगा) पाण्यात टाका आणि तो एकट्याने परत उचलून दाखवा, आधी एकाने, मग दुसऱ्याने, एकमेकांना अजिबात मदत न करता.

सगळ्यात अवघड असतं ते भिजलेल्या, दमलेल्या माणसाला वर घेणं. माझ्यासारखीला नुसत्या हातांनी ते जमणार नाही. शीड वर चढवायचा दोर त्याच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला अडकवून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या रहाटाने, ओढावं लागतं. मागची चढायची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताने खाली ओढता येते का, हेही निघण्याआधी बघून घ्या. होडी धक्क्याला बांधलेली असतानाच दोघांनी आळीपाळीने कपड्यांसकट पाण्यात उतरून बघा.