डोपंट वाढवला तरी कंडक्टिव्हिटी का घसरते?

रत्नागिरीहून विचारलंय: पी३एचटी या वीजवाहक होऊ शकणाऱ्या पॉलिमरमध्ये एफ४-टीसीएनक्यू हा डोपंट (वीजवहन वाढवायला मिसळतात तो पदार्थ) घालत गेलो. सुरुवातीला मीटरवरचा आकडा हललाच नाही, मग कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) झपाट्याने चढली आणि शेवटी चक्क घसरली. सिलिकॉनला डोपंटचा लाखात एक अणू पुरतो, मग इथे टक्क्यांत का लागतं?

सिलिकॉन आधी डोक्यातून काढा. तिथे डोपंट असतो फॉस्फरस, आणि त्याचा जादा इलेक्ट्रॉन फक्त ४५ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एक छोटं माप) इतक्या ऊर्जेने बांधलेला असतो. सिलिकॉनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ चार्जमधली ओढ किती पटीने कमी करतो तो आकडा) १२ च्या आसपास, त्यामुळे ओढ दुबळी. खोलीतल्या उष्णतेवरच तो सुटतो. पॉलिमरमध्ये हा स्थिरांक जेमतेम ३-४. डोपंट पॉलिमरच्या लांब रेणूच्या, म्हणजे साखळीच्या, शेजारी बसून इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि ऋण आयन होऊन तिथेच राहतो. साखळीवरचं होल (इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली धन जागा) त्याच्या ओढीत अडकतं, तेही काहीशे मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टने. चार्ज तयार झाला, पण मोकळा झाला नाही. या दोन गोष्टी एकच धरल्या की घोटाळा होतो.

त्यात पॉलिमरमध्ये ट्रॅप, म्हणजे चार्ज अडकून बसण्याच्या जागा, भरपूर. सड्यावरचा पहिला पाऊस जांभ्याच्या भोकांतच जिरतो, पऱ्या वाहायला लागतो तो नंतर. सुरुवातीची होल्स तशीच जिरतात. पुढे आयनांची गर्दी झाली की त्यांच्या ओढी एकमेकींत मिसळतात, अडथळे उतरतात आणि होल्सना एका साखळीवरून दुसरीवर उडी मारणं सोपं जातं. तुमची झपाट्याची चढण तीच.

घसरण बहुतेक मिसळण्याच्या पद्धतीमुळे. दोन्ही एकाच द्रावणात घातलं की डोप झालेला पी३एचटी बाटलीतच गुठळ्या धरतो आणि फिल्म खरबरीत होते. शिवाय जादा डोपंट साखळ्यांची रचना विस्कटतो. आधी साधी फिल्म करा, मग ती असिटोनायट्राइलमधल्या डोपंटच्या द्रावणात बुडवा. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनीही पॉलिअसिटिलीनच्या तयार फिल्मलाच आयोडीनची वाफ दिली होती. त्याच कामाला २००० चं नोबेल.

आता न हललेल्या मीटरबद्दल. मोजमाप जुलैत केलंत ना? आपल्याकडच्या त्या हवेत काचेवर पाण्याचा थर धरतो आणि करंट फिल्मऐवजी त्यातूनच जातो. मीसुद्धा एक अख्खा पावसाळा पाणीच मोजत होतो! फिल्म नसलेल्या कोऱ्या काचेवर तेच इलेक्ट्रोड लावा. आकडा तोच आला, तर सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवून पुन्हा मोजा.