गाठ हाताला लागेना, मग ऑपरेशन कशाला?

पत्र : सासूबाईंना (वय 54) डाव्या स्तनात पाच सेंटीमीटरची गाठ होती, काखेतही एक छोटी. आधी आठ केमो, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलं. चार केमो झाल्या आणि गाठ आता चाचपूनही सापडत नाही. घरात पेढे वाटले. आता सासूबाई म्हणतात, 'गाठ गेली ना, मग कापायचं कशाला?' दिंडोरीचे मामा म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. सासऱ्यांचं म्हणणं, नणंदेच्या मुलीचं लग्न उरकू दे, मग बघू. सासूबाईंना शुगर आहे, मिश्रीची सवय आहे, चतुर्थी-एकादशी सोडत नाहीत. घरात मी सून, माझं कोण ऐकणार? काय करू?
— एक सून, सिडको, नाशिक

उत्तर :

पेढे वाटलेत ते योग्यच केलंत. चार केमोंत एवढी गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणजे औषध चांगलं लागू पडलंय, आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. पण बोटांना न लागणारी गाठ आणि नसलेली गाठ एक नव्हे. केमोने गाठ दोन तऱ्हांनी कमी होते. कधी द्राक्षाचा मणी वाळून बेदाणा व्हावा तशी चहूबाजूंनी आकसते. कधी घडातले बहुतेक मणी गळतात आणि दोन-चार इकडे-तिकडे देठाला धरून राहतात, तशी विरळ होते. या दुसऱ्या प्रकारात हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही कधीकधी दिसत नाही, पण पेशी जागेवरच असतात. खरंच काही उरलं आहे का, हे काढलेला भाग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो तेव्हाच कळतं. त्या रिपोर्टवर पुढची औषधंही ठरतात. म्हणून गाठ विरघळली तरी ऑपरेशन होतंच. काही निवडक रुग्णांत ते टाळता येईल का, यावर अभ्यास चालू आहेत, पण तिथे सुईने पुन्हा पुन्हा तुकडे घेऊन, कडक देखरेखीत. घरच्या बैठकीत तो निर्णय घ्यायचा नसतो.

आता सगळ्यात घाईची गोष्ट. गाठीत क्लिप टाकली आहे का, हे उद्याच विचारा. ही टायटेनियमची, काही मिलिमीटरची खूण असते. सोनोग्राफीत बघत सुईने गाठीच्या मधोमध ठेवतात, भूल जागेपुरती, काम थोड्या वेळाचं. गाठ दिसेनाशी झाल्यावर नेमकी कोणती जागा काढायची, हे सर्जनला त्या खुणेवरून कळतं. ती टाकायची खरी वेळ केमोच्या आधी किंवा सुरुवातीची. राहून गेली असेल तर लगेच सोनोग्राफी करून घ्या, थोडीफार सावली शिल्लक असेल तर अजूनही टाकता येते. पाचव्या-सहाव्या केमोपर्यंत थांबलात आणि काहीच दिसेनासं झालं, तर स्तन वाचवून फक्त गाठीची जागा काढण्याचा पर्याय हातचा जाऊ शकतो. काखेतल्या गाठीचंही विचारा, तिथेही खूण करतात. आणि केमोच्या आधीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म, सीडी काही टाकून देऊ नका. सर्जनला आजच्या फोटोइतकाच तो जुना फोटो लागतो.

मामांचं म्हणणं आलं कुठून, ते समजतं. पूर्वी माणसं फार उशिरा यायची, उघडल्यावर आजार आधीच पसरलेला दिसायचा, आणि नाव सुरीचं व्हायचं. यावर मामांशी वाद घालत बसू नका. त्यांना सर्जनच्या भेटीला सोबत न्या, दोन शंका तिथे विचारू दे.

लग्नाचं गणित मात्र नीट मांडा. शेवटची केमो झाल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांत ऑपरेशन करतात. तीन आठवड्यांच्या आत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सावरलेल्या नसतात. आठ आठवड्यांच्या पुढे गेलं, तर केमोने मिळवलेलं हातातून निसटू लागतं. कॅलेंडरवर शेवटच्या केमोची तारीख लिहा, तिथून आठवडे मोजा, आणि त्यातली तारीख लग्नाच्या मुहूर्ताआधी सर्जनकडून घ्या. अडचण नसेल तर ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत घरी सोडतात, त्यामुळे मंडपात खुर्चीवर बसून लग्न बघता येतं. मध्येच, चार केमोंवर थांबून ऑपरेशन उरकण्याचा आग्रहही धरू नका. ठरलेल्या आठ आधी पुऱ्या व्हायला हव्यात.

सासूबाईंबद्दल एक सुचवते. 'कापायचं कशाला' या प्रश्नात स्तन जाण्याची धास्ती असण्याची शक्यता मोठी आहे, आणि 54 व्या वर्षी सासू ते सुनेसमोर, त्यातून नवरा आणि भाऊ बसलेले असताना, बोलणार नाही. सर्जनच्या खोलीत पहिली दहा मिनिटं तुम्ही दोघीच जा. तिथे सरळ विचारा : पूर्ण काढावा लागेल का, की गाठीची जागा काढून स्तन राहील? राहिला तर रेडिएशन नक्की लागेल ना? काखेतल्या सगळ्या ग्रंथी (लिम्फ नोड) काढणार, की दोन-चार तपासून ठरवणार? आधी केमो देण्यामागे गाठ लहान करून स्तन वाचवण्याची संधी वाढवणं हाही एक हेतू असतो, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर पुष्कळ फरक पडेल. स्तन वाचणार नसेल तरी तेही तिथेच कळू दे. सुनेचं कोण ऐकणार म्हणता, तर तुम्ही पटवायचंच नाही. भेटीची वेळ घ्यायची आणि नेऊन बसवायचं, एवढंच तुमचं काम.

पुढच्या चार केमोंत बहुधा औषध बदलेल. पहिल्या चारमध्ये बऱ्याचदा ते लाल औषध असतं, ज्याने केस जातात आणि एक-दोन दिवस लघवी लालसर होते. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधीच्या 2डी इकोशी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशी, ताडून बघायला ऑपरेशनआधी पुन्हा इको मागतात. नंतरच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ब्लाउजचे हूक लावता येईनासे झाले, पायातली चप्पल कळेनाशी झाली, की 'चालायचंच' न म्हणता डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते. या औषधाआधी स्टेरॉइड देतात, त्याने शुगर दोन-तीन दिवस बरीच चढते. त्या दिवसांत गोळ्या किंवा इन्सुलिन किती, हे आधी विचारून ठेवा. शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर (HbA1c) भिस्त नको. केमोत रक्त कमी झालं असलं किंवा चढवलं असलं, की ती सरासरी फसवी येते. घरच्या ग्लुकोमीटरची वही भूलतज्ज्ञांना जास्त उपयोगी.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोनलाही कॅज्युअल्टीत न्या. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. मोजण्याआधीच क्रोसिन दिली तर ताप झाकला जातो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. त्या दिवसांत बाहेरची मिसळ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं बंद. द्राक्षं द्यायचीच तर घड नळाखाली धरून चालणार नाही, मणी सुटे करून नीट चोळून धुवा.

ऑपरेशनच्या तयारीत पहिली जाते ती मिश्री. ती तंबाखूच आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडांना रक्त कमी मिळतं, टाके उघडतात, कडा काळ्या पडतात. निदान चार आठवडे आधी बंद, आणि आज बंद केली तर आणखी चांगलं. उपासाचंही बोलून घ्या. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत आणि शुगर मात्र चढते. वजन 58 किलो धरलं तर दिवसाला 70 ते 85 ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, मूठभर शेंगदाण्यात सात, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. जोडून बघा, रोजच्या जेवणात निम्मंच जातं. एकादशी सोडवत नसेल तर त्या दिवशी दूध, पनीर, दाणे वाढवा.

रोज अर्धा तास चालणं, गोदापार्कवर असो की गल्लीत, आणि तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर, म्हणजे फुप्फुसांच्या व्यायामाच्या साधनावर, श्वास आत ओढण्याचा सराव. चेंडू फुंकून उडवायचे नसतात, श्वास आत घेऊन वर धरायचे असतात. कोणी काढा किंवा भस्म दिलं तर ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. काहींनी लिव्हरचे आकडे बिघडतात आणि केमो पुढे ढकलावी लागते.

पैशांचं : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. केमोची मंजुरी आली म्हणजे ऑपरेशनची आपोआप येत नाही, तिच्यासाठी वेगळी पूर्वमंजुरी लागते. शेवटच्या केमोच्या वेळीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा, वर्षात किती रक्कम शिल्लक आहे तेही विचारा. दुसरं मत हवं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून परळच्या टाटाला जाता येतं. पण नुसते रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ते) लॅबकडे लेखी अर्ज करून मागून घ्या, तिथे ते पुन्हा तपासतात. रेल्वेच्या सवलतीसाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

लग्नाच्या निमित्ताने सासूबाईंचे ब्लाउज शिवायला टाकणार असाल, तर दोन पुढून उघडणारे, बाही सैल आणि खालून दोन-तीन इंच जादा कापड ठेवलेले शिवा. ऑपरेशननंतर काही आठवडे हात डोक्यावर नेता येत नाही. बाजूला ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी आणि पिशवीही असेल. दिवसाला 30 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, ती राहते. आतल्या बाजूने कापडी खिसा शिवून घेतलात, तर पिशवी त्यात बसते आणि साडीत दिसत नाही.