बालवाडीची मुख्याध्यापिका आहे. मुलं, पालक, शिक्षिका सगळ्यांचा ताण माझ्यावर येतो आणि आवाज चढतो. काय करू?

आवाज चढतोय असं जाणवलं की बोलायच्या आधी चार-पाच वेळा लांब श्वास सोडा, घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ‘शांत हो’ असं मनाला बजावण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. बालवाडी चालवताना मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. तीन-चार वर्षांची मुलं आपली आपण शांत होत नाहीत, मोठ्यांचा आवाज आणि चेहरा पाहून होतात. तुमच्या शिक्षिकांचंही थोडंफार तसंच असतं. शाळा सुटताना ‘डबा हरवला’ म्हणून कुणाची आई दारातच चिडली, तर तिथे उत्तर देऊ नका. ‘बसा, पाणी घ्या, मी या मुलांना सोडून आलेच’ म्हणा. तेवढ्यात तिचाही राग उतरतो, तुमचाही. मात्र दोन वर्गांना एकच मदतनीस असेल तर श्वासाने भागणार नाही. संस्थेकडे माणूस मागा, आणि लेखी मागा. दोन आठवडे झोपच लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं.