प्रौढ वयात एएसडी बंद करायचा तर छत्री बरी की ओपन हार्ट?

तुम्ही लिहिलंय की वय 38, ईकोत 24 मिमीचा एएसडी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं जन्मजात छिद्र) निघालाय, हृदयाची उजवी बाजू मोठी झालीये आणि जांघेतून छत्री घालावी की ओपन हार्ट करावं, यावरून घरात वाद चाललाय. मी डॉक्टर नाही. पण एकाच छिद्रासाठी मला दोन्हीकडून जावं लागलं, म्हणून लिहितो.

घरातला वाद आधी थांबवा, कारण हे मतदानाने ठरत नाही. छिद्र पडद्यात कुठे आहे आणि त्याच्याभोवती कड किती उरलीये, यावर ठरतं. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांची जाळी, तिला दोन चकत्या. एक चकती डाव्या कप्प्यात, दुसरी उजव्या कप्प्यात, आणि पडद्याची कड मध्ये चिमटीत. कडच नसेल तर चिमटीत धरणार काय? साधारण 5 मिमी तरी लागते. महाधमनीच्या बाजूला कमी असली तर पुष्कळदा निभावतं. खालच्या महाशिरेच्या बाजूला नसेल तर फार अवघड. हेही फक्त ‘सेकंडम’ प्रकाराचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागातल्या छिद्राचं. प्रायमम, म्हणजे पडद्याच्या खालच्या टोकाला झडपांजवळचं छिद्र असेल, तर छत्रीचा विषयच संपला. सायनस व्हेनोससमध्ये, म्हणजे महाशीर हृदयात उघडते तिथलं छिद्र असेल तर, बहुतेक वेळा फुप्फुसाची एखादी शीरही भलत्याच जागी उघडत असते, तीही वळवावी लागते, त्यामुळे तिथेही छत्री चालत नाही.

माझं सेकंडमच होतं. छातीवरून केलेल्या ईकोत सगळं छान दिसलं, म्हणून छत्रीसाठी कॅथलॅबमध्ये गेलो. भुलीतून जागा झालो तर जांघेवर पट्टी होती आणि हृदयात काहीच नव्हतं. डॉक्टरांनी नंतर स्क्रीनवर दाखवलं. छत्री सोडण्याआधी तिला केबलने हलकेच ओढून बघतात. माझी दर वेळी खालच्या बाजूने सुळकन उजवीकडे घसरत होती. मोठा आकार लावूनही तेच. केबलचा आटा सोडवला नसेल तोवर ती परत नळीत ओढून घेता येते, आणि त्यांनी तेच केलं. तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, हट्टाने सोडली नाही हेच नशीब. राग आहे तो एवढाच, की अन्ननलिकेतून करायचा ईको, म्हणजे टीईई, त्या टेबलावरच पहिल्यांदा झाला. खालची कड जवळजवळ नाहीच, हे आधीच कळलं असतं.

मग ओपन हार्ट. हृदयावरच्या आवरणाचा तुकडा घेऊन पॅच शिवला. ऑपरेशनची भीती मी उगाच वाढवून ठेवली होती. हार्ट-लंग मशीन लावून यशस्वी झालेली पहिली शस्त्रक्रिया, 1953 मध्ये जॉन गिबन यांनी केलेली, ती 18 वर्षांच्या मुलीच्या एएसडीचीच. म्हणजे सर्जनांचा हात यावर केव्हाचा बसलेला आहे. त्रास झाला तो नंतरचा. ड्रेनच्या नळ्या काढतानाचे ते दोन सेकंद, आणि पुढे कितीतरी दिवस खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. छत्रीवाले एक-दोन दिवसांत घरी जातात. मला आठवडा लागला, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत जवळजवळ तीन महिने जड काही उचलायचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कड चांगली असेल तर छत्री, फार विचार न करता. ‘टाके घातलेलं पक्कं असतं’ म्हणून छाती उघडून घेऊ नका. छत्रीचे धोके आहेतच. क्वचित ती निसटते. त्याहून क्वचित, अगदी काही वर्षांनीही, हृदयाच्या भिंतीला किंवा महाधमनीला घासते. छत्रीनंतर छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर घरी बसायचं नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी निदान सहा महिने चालते, आणि त्या काळात दाताचं काही करायचं तर आधी अँटिबायोटिक.

एक मुद्दा सहसा कुणी काढत नाही. तुम्हाला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, आहे का? असेल तर भोक बुजवल्याने ते जाईलच असं नाही. ऑपरेशनमध्ये त्याचाही बंदोबस्त त्याच वेळी करता येतो. छत्री बसल्यावर मात्र पुढे त्याच्या उपचारासाठी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, डाव्या कप्प्यात पोचणं अवघड होतं. आणि फुप्फुसातला दाब फारच चढलेला असेल तर दोन्ही मार्ग बंद, कारण तेव्हा ते छिद्रच उजव्या बाजूची सुटकेची वाट झालेलं असतं. दाब नीट मोजल्याशिवाय कुणालाच हो म्हणू नका.

तुमच्या चुलतभावाला पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर बंद न झालेली नळी) होता आणि त्याचं छत्रीने झालं, हे इथे लावू नका. मोठ्या वयात पीडीएची भिंत कॅल्शियमने कडक झालेली असते, सर्जनला ती बांधणं जोखमीचं, म्हणून तिथे बहुधा छत्रीच आधी.

आधी टीईई करून घ्या. आणि डॉक्टरांना विचारा, छत्री टिकली नाही तर त्या दिवशी सर्जन हाताशी असेल का. रिपोर्ट आला की कडांचे आकडे इथे टाका, खालच्या कडेचा विसरू नका.